गोळ्यांची बाटली मी नेली आहे

नलू,

उठल्यावर गोळी शोधू नकोस. बाटली माझ्याजवळ आहे. पाहुणे यायच्या आत गालावरचा चट्टा जावा म्हणून तू दुप्पट गोळ्या घेत होतीस, हे काल बाटली हलकी लागली तेव्हा कळलं.

विहिरीवरून येताना तुला धाप लागली. डोळेही पिवळे दिसले. तुझ्या आईचं असंच झालं होतं. तुळसाआत्या म्हणाली, "काविळच हाय, चुन्यानं उतरते." चुन्याच्या पाण्यात आईचे हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना बरं वाटलं. महारोगाचं नाव नको म्हणून आई याच गोळ्या घेते हे आत्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्या शेवटपर्यंत चालूच राहिल्या.

आज आत्या पुन्हा चुना घेऊन येईल. तिला सगळं सांग. आता लपवायचं नाही.

मी उकंडाची बैलगाडी आणायला गेलो आहे. दिग्रसला जाऊ, तिथून बसने यवतमाळच्या दवाखान्यात. या गोळ्यांनीच रक्त बिघडलंय का, ते तपासायला सांगू. आईचं लुगडं पांघरायला घे, गाडीत गार लागेल.

पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवतो. ते पुन्हा आले नाहीत तरी चालेल. तू राहा.

बाबा