पाकिटातलं वायसर

बुधवार, संध्याकाळ. अंबाजोगाई

पाकिटातून ते काळं वायसर बाहेर काढलं आणि सगळं बदललं. आता सायलीसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?

गेल्या आठवड्यात तिच्या घरी भांडी धुवायचं मशीन जोडायला गेलतो. कॉलेज सोडल्यापासून ती पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसली. नव्या पाइपाचं गळती रोखणारं रबरी वायसर माझ्या हातून निसटून ओट्याखाली घरंगळलं. तिनं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. ते लावायचं सोडून मी पाकिटात ठेवलं. येडाच! पिशवीतलं जुनं, कडक झालेलं वायसर मशीनला लावून आलो.

आज तिच्या आईचा फोन आला, मशीन गळतंय. जाऊन बघतो तर स्वयंपाकघरभर पाणी. आणि मी काहून भडकलो?

"काकू, तुमीच हलवलं असंल. वापरता येत न्हाई तर घेता कशाला?"

काकू फडकं पिळत राहिल्या.

मग नळाजवळचा पाइप सोडला. मीच लावलेलं जुनं वायसर चिरलेलं. दुसरं जवळ नव्हतं. म्हणजे, होतं. पाकिटात.

सायली बघत होती. "हे तर मी उचलून दिलेलं हाय. पाकिटात काहून रे?"

खाली मान घालून तेच बसवलं. गळती थांबली.

"आईवर ओरडलास, तवा हे तुझ्याच खिशात होतं," ती हळू म्हणाली.

तेवढ्यात काकू म्हणल्या, "चहा ठेवलाय, घेऊन जा बाळा."

माफी मागायची होती. पण चहाही न घेता पिशवी उचलली, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.