सिंधूच्या सायकलचा डावा क्रँक

मी, भाऊराव संपत इंगळे, वय ७१, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार वडनेर भोलजी, ता. नांदुरा, जि. बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुलगा रवी याने मागितला होता.

१. राहते घर पत्नी सिंधू हिचे. ती आहे तोवर ते कोणी विकू नये, रंगवूही नये. मागच्या वेळी रंग रवीने निवडला होता.

२. दुकान रवीचे. तो तिथे मोबाइलची कव्हरे विकणार आहे. विकावीत. हवा भरायचा पंप मात्र बाहेर ठेवावा. लोक येतील.

३. सर्व अवजारे आणि मी स्वतः घडवलेला शिकंजा मुलगी महामाया हिला. वकीलबाईंना समजावून सांगावे लागले, म्हणून लिहितो. जुन्या सायकलचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आसावर एका लोखंडी पाचरीने घट्ट बसवलेला असतो. तिला कॉटर म्हणतात. नट सैल करावा, तेल सोडून दिवसभर थांबावे, मग शिकंज्याने सावकाश दाबावे. कॉटर एकदाच वाजते आणि बाहेर येते. हातोडी मारल्यास तिचे टोक पसरते आणि ती जागची हलत नाही. महामाया हे आठव्या वर्षी शिकली. रवीने कालही विचारले, ‘कापायला ग्राइंडर आणू का?’

४. सिंधूची सायकल महामायेला. सिंधू अंगणवाडीत नोकरीला होती तेव्हा रोज हिच्यावर जाई. १९९३ पासून डावा क्रँक अडकलेला आहे. सिंधू नंतर निवृत्त होईपर्यंत पायी गेली. शेजारच्या दुकानातील कय्यूम मिस्त्री याने हातोडी मारून कॉटर बिघडवली, हे गावात सर्वांना माहीत आहे. सिंधूने तेव्हापासून त्याला चहा विचारलेला नाही.

५. कय्यूमने हातोडी मारली नाही. मी मारली. सिंधूला उशीर होत होता. शिकंजा घरी राहिला होता. कय्यूमची हातोडी त्याला न विचारता घेतली आणि दोन घाव घातले. तेवढ्यात सिंधू आली. हातोडीच्या दांड्यावर कय्यूमचे नाव कोरलेले होते. ती म्हणाली, “कय्यूमभाऊनं केलं न हे?” मी काही बोललो नाही. आयुष्यभर लोकांना हातोडी लावू नका म्हणून सांगितले होते. हातोडी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली. माझ्यामागे हे कलम सिंधूला वाचून दाखवावे आणि हातोडी कय्यूमला द्यावी.

येथपर्यंत दुकानात वकीलबाईंसमोर लिहून झाल्यावर साक्षीदार म्हणून कय्यूम आला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. त्याने चष्मा लावून वाचला.

“मले मालूम होतं,” तो म्हणाला. “माही हातोडी त्याच दिवशी गायब झाली. मी काय येडा आहो?”

“मंग बोलला काऊन नाही?”

“तू कवा बोलतं ते पाहून राह्यलो होतो. एकतीस साल लावले बे तू.”

वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. हातोडी मिळणार असल्याने कय्यूम चालणार नाही.

कय्यूम म्हणाला, “म्याडम, हा देऊन नाही राह्यला. वापस करून राह्यला. तेही मेल्यावर. मेल्यावर मले चहा कोन पाजन? भाऊराव, आज चाल घरी. मंग सही करतो.”

आम्ही घरी गेलो. मी पाचवे कलम सिंधूला स्वतः वाचून दाखवले. ती आत गेली आणि एकच कप चहा घेऊन आली. तो तिने कय्यूमला दिला.

सबब कलम ५ रद्द. हातोडी परत केली आहे. बाकी मजकूर कायम.

साक्षीदार :
१. कय्यूम मिस्त्री (चहा घेऊन सही केली)
२. निवृत्ती, पिठाची गिरणी

सही : भाऊराव संपत इंगळे
स्थळ : वडनेर भोलजी
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२४