ऑस्ट्रेलियन बाभळीखालची अळंबी

१३ जुलै
शिरढोणची टेकडी, सकाळी साडेसात. ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड (यापुढे ऑ.बा.). या परदेशी झाडांखाली कोणकोणती अळंबी येते, त्याची सूची. रिटायर झालेली बॉटनीची बाई आता करणार काय, म्हणणाऱ्यांना माझं उत्तर. आज नोंद क्र. ४१. पांढरी, ताटलीएवढी, टोपीवर तपकिरी खवले.

जागा दाखवायला नेहमीप्रमाणे जनाबाई. गावातल्याच, चाळीस वर्षं अळंबी काढून पनवेलच्या बाजारात विकतात. ४१ बघून मागे सरकल्या. "या झाडाखालची आमी खात नाय बाई. खाली वारूळ पायजे."

मी लगेच वर्ग घेतला. झाड परदेशी म्हणून अळंबी वाईट होत नाही, वारूळ जमिनीखाली दडलेलंही असतं, वगैरे. "खायचीच आहे," म्हणाले. देठ खणून वारुळात जाणारं लांब मूळ आहे का, ते बघायला हवं होतं. पाऊस वाढला, गुडघा ठणकत होता. दोन मी आणल्या. बाकीच्या त्यांच्या पाटीत.

१४ जुलै
काल टोपी पांढऱ्या कागदावर उपडी ठेवली होती, वर वाटी. गळलेल्या बीजाणूंचा रंग बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही, हे मीच पोरांकडून तीस वर्षं घोकून घेतलं. वारुळावरच्या खायच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो.

कागद हिरवट. म्हणजे विषारी.

जनाबाईंना सहा फोन. बंद. रिक्षा करून गेले. दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "सगल्यांनाच वांत्या झाल्या. सुनेला दवाखान्यात नेलंय." सून म्हणजे वैशाली. पाचवा महिना.

दुपारी
हॉस्पिटल. वैशालीला सलाईन. ओठ पांढरे पडलेत. डॉक्टरांना कागद दाखवला, अळंबीचं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, "ही खायची आहे असं कोणी सांगितलं?"

जनाबाई पटकन म्हणाल्या, "माजीच चूक. डोले फुटले माजे."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी... मी गप्प.

१५ जुलै
बाळाचे ठोके नीट आहेत म्हणे. संध्याकाळी पुन्हा तपासणार. सूची उघडली, मिटली.

१७ जुलै
वैशाली घरी आली. बाळ ठीक. हुश्श म्हणायचं, तर गावात सगळे जनाबाईंना बोलतायत. पैशाच्या लोभाने काहीही उपटून आणते म्हणे. मुलगा आईशी बोलत नाही.

अरुणला सगळं सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाला, "तुला कोणी विचारलंय का? मग गप्प बस." क्षणभर बरं वाटलं. नवऱ्याने गप्प राहायची सूट दिली म्हणून बरं वाटलं! लाज वाटते.

१९ जुलै
बाजार. जनाबाई नेहमीच्या जागी, पाटी भरलेली. त्यांच्याकडून नेहमी घेणारी एक बाई थांबली, वाकून बघितलं, म्हणाली, "नको बाई. तुमच्या सुनेचं ऐकलं मी." गेली पुढे.

मी मेथीवालीच्या आडून बघत होते. समोर गेले नाही. वर्गात फळा दणाणून सोडणारी मी!

२० जुलै
आज जनाबाईंच्या घरी गेले. मुलगा, वैशाली, शेजारीण, सगळ्यांसमोर सांगितलं. जनाबाई नको म्हणत होत्या, मी सांगितलं त्यांना खायला. ठसा बघायच्या आधी.

मुलगा म्हणाला, "तुमी शिकलेली मानसं." एवढंच.

जनाबाई चुलीपाशी. उठल्या नाहीत. सूचीत ४१ पुढे लिहिलं: विषारी. ओळखण्यात चूक, माझी.

२३ जुलै
सकाळी दार वाजलं. जनाबाई. डोक्यावर पाटी. आत वारुळावरच्या अळंब्या, लांब मुळं मातीसकट शाबूत, शंकेला जागाच नाही. लहानपणापासून ज्या वारुळावरून काढतात, तिथल्याच.

पाटी ओट्यावर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई, जरा बघून सांगा. या खायच्याच हायत ना?"

चाळीस वर्षांत या बाईने कोणाला विचारलं नव्हतं.

मी "तुम्हीच सांगा" म्हणाले. त्यांनी मान हलवली. "आता मला नाय समजत."

बाहेर पायरीवर बसल्यात. चहा नको म्हणाल्या. मी आत येऊन हे लिहितेय. त्यांना काय सांगू?