दंतवैद्यांचा पडदा आणि आमची वीत

ज्येष्ठ मेहुणे यांस, माझा गुडघा संमती देईल तितका वाकून नमस्कार.

आपली पाठ आता काय म्हणते? वहिनींचा नवा चष्मा त्यांना मानवला का, की त्या अजूनही जुनाच लावून नवा शोधत असतात? आमच्या घरी सर्व क्षेम आहे. क्षेम नसलेला असा मी एकटाच.

आपल्या भाचीची वसतिगृहात प्रतिष्ठापना झाली, हे आपणांस कळलेच असेल. परंतु आपल्या धाकट्या भगिनीने फोनवरून दिलेला वृत्तांत एकांगी असून त्यात हशाचे प्रमाण अवास्तव होते, असे मी शेजारच्या खोलीतून ऐकले. सबब निःपक्षपाती निवेदन करणे मला प्राप्त आहे.

त्या वसतिगृहाचा दंडक असा की, ज्या खाटेवर जिची गादी आधी पडेल, ती खाट तिची. खोलीत खाटा तीन: एक खिडकीशी, एक कपाटाशी आणि एक दाराशी (जिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण पायाला ठेचकाळून क्षमा मागतो). आम्ही सर्वांच्या आधी पोहोचलो होतो. दुसरा एखादा बाप गादी टाकून मोकळा झाला असता. पण मी पडलो भूमितीचा शिक्षक. गादी कवेत घेऊन, सूर्यकिरण कोणत्या कोनातून उशीवर पडतील याचे चिंतन करीत मी खोलीच्या मध्यबिंदूवर उभा राहिलो. तेवढ्यात दुसऱ्या मुलीचे वडील आले. व्यवसायाने दंतवैद्य. उंच, सुगंधी, आणि स्वतःच्या धंद्याची जाहिरात अहोरात्र मुखात बाळगणारे. त्यांच्याही कवेत गादी.

मग सुरू झाले सौजन्य. "मास्तर, तुम्ही आधी आलात, टाका तुम्ही." "छे छे, तुमची गादी जड दिसते, तुम्ही टाका." असे आम्ही दोघे गाद्यांना आलिंगन देऊन परस्परांस खिडकी अर्पण करीत असता, तिसरी मुलगी एकटीच आली, आमच्या मधून वाट काढून तिने वळकटी खिडकीशी फेकली, चपला काढल्या आणि झोपली. दंतवैद्य खो-खो हसले. हेही मी सहन केले असते. पण आपली भाचीही हसली, आणि त्यांच्याकडे पाहून हसली. (माझ्या विनोदांवर ती हल्ली केवळ सुस्कारते.)

पुढे त्या गृहस्थांच्या मोटारीतून जे निघाले ते वर्णनातीत आहे. घडीचे मेज, कुठेही चिमटा लावून बसणारा दिवा, भिंतीला नुसते दाबले की चिकटणारे आकडे! माझ्यातर्फे होती माझी विद्यार्थिदशेतली लोखंडी ट्रंक, जी उघडताना हंबरते. कन्या म्हणाली, "काका, तुम्हाला कसं हो सुचतं हे सगळं?" मेहुणे, याच वाक्याचा प्रारंभ काल-परवापर्यंत 'बाबा' या संबोधनाने होत असे.

तथापि माझे ब्रह्मास्त्र पिशवीत होते: पडदा. खोली ठरवायला गेलो त्या दिवशी मोजपट्टी घरी राहिल्यामुळे मी खिडकी स्वतःच्या वितीने मोजली होती आणि ते माप तत्काळ फोनवर घरी कळवले होते. आपल्या भगिनीने ते तंतोतंत पाळले. फक्त वीत स्वतःची वापरली. तिचा हात केवढासा आहे, हे मी आपणांस काय सांगावे? तो मला चांगला ठाऊक असायला हवा होता. मीच तो मागितला होता, आपल्याकडे.

पडदा लावून पाहिला. खिडकीने डोक्याला रुमाल बांधल्यासारखा दिसला.

"असू दे ना, बाबा," कन्या म्हणाली. दंतवैद्य म्हणाले, "झकास आहे की, मास्तर! शिवाय माझ्याकडे एक जादा आहेच गाडीत." आणला. दुर्दैवाने तो खिडकीला शोभेल असाच होता. खाटेवरची मुलगी डोळे न उघडता बोलली, "कुठलाही लावा, पण लावा. ऊन येतंय." आणि त्याच क्षणी पालकांनी बाहेर पडावे अशी घंटा झाली. मी निघालो तेव्हा दोन्ही पडदे आपल्या भाचीच्या मांडीवर होते, आणि ती खिडकीकडे पाहत होती.

कळावे. वहिनींना नमस्कार.

आपला,
भूमितीभ्रष्ट मेहुणा

ता. क. सदर पत्र मत्सरातून लिहिले आहे असा आरोप घरातून झाला आहे. तो निराधार आहे. ते गृहस्थ अत्यंत सज्जन आहेत, आणि याचाच मला विशेष त्रास होतो.

ता. क. दुसरा. परत आल्यापासून उजवी दाढ ठणकते. आपली भगिनी म्हणते, आता घरचेच दंतवैद्य झाले आहेत. मी लवंग धरून बसलो आहे व बसणार आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्राचे खरे कारण. आपण मामा या नात्याने भाचीला सहज म्हणून फोन करावा आणि खिडकीला कोणाचा पडदा आहे ते काढून घ्यावे. माझे नाव निघू देऊ नये. दंतवैद्यांचा असेल तर मला कळवू नये. आमचा असेल, तर असला आखूड पडदा कसा चालवून घेतलास, म्हणून माझ्या वतीने तिला चार शब्द सुनावावेत. मीच सुनावले असते, पण त्या वेळी माझा आवाज नीट लागेल याची खात्री वाटत नाही.