आठही प्रयोग, माझ्या हातांनी

४ जुलै

सूट मिळाली! विभागप्रमुख सरांनी स्वतः फोन करून आईला कळवलं. शेवटच्या वर्षाची सगळी प्रात्यक्षिकं माफ. लेखी परीक्षेत जसे गुण पडतील, त्या हिशेबाने प्रात्यक्षिकाचेही देणार. पहिली दोन वर्षं झालं तसंच.

आईचा आवाज भरून आला होता. मी म्हटलं, "नको."

"काय नको?"

"सूट."

कुकरसुद्धा शिट्टी द्यायचा थांबला असं वाटलं.

बरं आहे, हे ब्रेलमध्ये लिहिते. टोचत बसले की आईला वाटतं, पोरगी अभ्यास करतेय!

५ जुलै

का नको, ते निदान या कागदाला तरी नीट सांगते.

जन्मापासून मला दिसत नाही. त्याचं मला फारसं काही नाही, बाकीच्यांनाच जास्त असतं. भौतिकशास्त्राच्या पदवीला लागतं काय? पेपर, प्रात्यक्षिकं, तोंडी परीक्षा. पेपरांत मी वर्गात पहिली. आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला? दोन वर्षं लॅबच्या कोपऱ्यात स्टूलवर. बाकीचे तारा जोडणार, आकडे ओरडून सांगणार, मी गणित करून देणार. उत्तर माझं सगळ्यांच्या आधी! पण ज्या स्प्रिंगचं गणित मी शंभरदा केलं, ती कधी हातात घेतली नाही.

पोहण्याचं सगळं पाठ आहे आणि पाण्यात पाय बुडवलेला नाही. अशी पदवी घेऊन मी करू काय?

८ जुलै

सरांना भेटले. "बाळ, तुझ्या भल्यासाठीच केलं हे सगळं." सर वाईट नाहीत. माया करतात, तीच तर पंचाईत!

पण ऐकून घेतलं. नियम समजावला. आठ प्रयोग स्वतःच्या हातांनी करायचे, जर्नलमध्ये प्रत्येकावर सही हवी. एक जरी राहिला तरी परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष वाया. पुढच्या शिक्षणाचा प्रवेशही गेला. "आणि एकदा सूट सोडलीस की परत मागता येणार नाही. विचार करून सांग."

"सांगितलं की, सर."

खरं तर भीती वाटत होती. त्यांना कळली नसावी. नसावीच!

११ जुलै

आई बोलत नाहीये. चहाचा कप ठेवते तोसुद्धा भाषण केल्यासारखा.

१९ जुलै

पहिला प्रयोग. स्प्रिंग! हातात घेतली तर केवढी गार आणि केवढी खोडकर. वजन लावलं, सोडलं, बोट टेकवून झोके मोजले. तीन वेळा वजन खाली पडलं, एकदा फ्यूजच्या पायावर. फ्यूज म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा. पहिल्या वर्षी याने एका झटक्यात अख्ख्या लॅबची वीज घालवली, तेव्हापासून हे नाव.

"तू मोजत राहा," तो म्हणाला, "पाय मला अजून एक आहे."

पण लांबी मोजायची कशी? मोजपट्टी गुळगुळीत. बोटांना काहीच लागत नाही. आजचा प्रयोग अर्धाच. रात्री जेवताना हीच कुरकुर केली.

२१ जुलै

सकाळी टेबलावर कापडी टेप. हात फिरवला तर प्रत्येक सेंटिमीटरवर दोऱ्याची बारीक गाठ, आणि दर दहाव्यावर दोन. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. मी जाऊन मागून मिठी मारली.

"पुरे. हात ओले आहेत माझे."

बोलली एकदाची!

२ ऑगस्ट

स्प्रिंगवर सही. एक झाला.

३० ऑगस्ट

दोन आणि तीन झाले. बोलणारा मीटर मिळालाय, आकडा मोठ्याने वाचतो. इतक्या गंभीर आवाजात "शून्य पूर्णांक तीन" म्हणतो की बातम्या चालल्यात असं वाटतं. सर्किट जोडताना आधी प्रत्येक तार बोटांनी टोकापासून टोकापर्यंत तपासते. माझं एकदाही उलटं जोडलं गेलं नाही. शेजारच्यांची गोष्ट वेगळी — तिकडून अधूनमधून जळका वास येतो.

१४ सप्टेंबर

हात भाजला. उष्णतेचा प्रयोग होता, भांड्याचा कान समजून कड धरली. फार नाही, दोन बोटं. पण लॅबभर आरडाओरडा. सर धावत आले.

"हेच म्हणत होतो मी. आता तरी ऐक."

गेल्या आठवड्यात एका मुलाने शर्टाची अख्खी बाही जाळून घेतली. चांगले दोन डोळे असलेला! त्याला नाही कुणी घरी बसायला सांगितलं. हे मी सरांना मोठ्याने म्हणाले. लॅबमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. सर आपल्या खोलीकडे निघून गेले.

घरी आईने बोटांना मलम लावलं. वाटलं, आता ही म्हणेल की बस झालं.

"डावा हात आहे ना? मग उजव्याने कर उद्या."

२० नोव्हेंबर

सात झाले! सात सह्या!

आठवा राहिला. नेमका प्रकाशाचा.

२ डिसेंबर

दोन बारीक फटींतून लेझरचा प्रकाश जातो आणि समोर पट्टे पडतात. एक उजळ, एक काळा, परत उजळ. दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजायचं, त्यावरून प्रकाशाच्या लाटेची लांबी काढायची. सगळे म्हणाले, हा सोड. सोडून कसं चालेल? आठ म्हणजे आठ.

डोक्यात एक आलंय. उजेड वाढला की सूर चढेल, कमी झाला की उतरेल, असं काहीतरी बनवलं तर? सर्किट मी काढलं. तारांच्या जोडांना सोल्डरिंगचे डाग द्यायला फ्यूज बसणार. सरांना विचारलं. म्हणाले, उपकरण बनवायला मदत चालेल, आकडे माझेच हवेत.

१६ डिसेंबर

बनलं. पण नुसतं घरघरतंय. पट्ट्यांचा पत्ता नाही. सूर जागच्या जागी थरथरतो, जणू कुणी घसा खाकरतंय.

१७ डिसेंबर

तेच.

२० डिसेंबर

तेच! फ्यूजने तिसऱ्यांदा डाग दिले. मी चिडून त्याला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "झालं बोलून? मग चहा घेऊ." बाहेर व्हरांड्यात उभे होतो. उपकरण माझ्या हातात, चालूच. आणि घरघर थांबली! सूर एकदम सरळ, शांत.

परत आत आले. घरघर! बाहेर — शांत. आत — घरघर.

"फ्यूज, आत ट्यूबलाइट चालू आहेत का?"

"हो. का?"

अगं बाई! ट्यूबलाइट सतत लुकलुकत असते, डोळ्यांना ते कळत नाही. आमच्या यंत्राला कळलं! इतके दिवस मी पट्टे शोधत होते आणि ऐकत होते छतावरचे दिवे.

"बंद कर सगळे. पडदेही ओढ."

मग यंत्र पट्ट्यांसमोरच्या सरकत्या बैठकीवर बसवलं आणि तिचा स्क्रू हळूहळू फिरवला. यंत्र सरकत गेलं. सूर चढला... चढला... आणि उतरत उतरत पार तळाला. परत चढला! मी तिथेच किंचाळले. पट्टे! एकामागून एक, सारख्या अंतरावर. प्रकाश आणि अधूनमधून काळोख, आणि दोन्ही मला ऐकू येत होते.

फ्यूज माझ्याकडे धावला, टेबलावर आपटला, कळवळला. अंधारात त्याला काही दिसेना ना!

१० जानेवारी

आठवी सही. सरांचं पेन कागदावर जरा जास्त वेळ थांबलं. "मी स्वतः ऐकलं," म्हणाले. "परत एकदा लावशील?" पाच वेळा लावायला लावलं!

१८ एप्रिल

आज प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरून परीक्षक आले होते, आवाज जाड, बुटांची करकर. चिठ्ठी उचलायची असते. मी उचलली, त्यांनी वाचली आणि ते घुटमळले. प्रकाशाचा प्रयोग!

"हा बदलून देऊ का?"

"नको सर. फक्त दिवे बंद करा."

"दिवे बंद केले तर मला काहीच दिसणार नाही."

"तुम्ही बसा ना सर. स्टूल तुमच्या डाव्या हाताला आहे."

चाचपडत बसले. मी कामाला लागले. माप घेतलं, स्क्रूच्या फेऱ्या मोजल्या, गणित केलं, उत्तर सांगितलं. लेझरवर छापलेल्या आकड्याच्या अगदी जवळ. चूक किती असू शकते आणि कशामुळे, तेही सांगितलं.

मग त्यांनी विचारलंच. "तुला प्रकाश म्हणजे नक्की काय वाटतं, बेटा?"

"सर, हे बाकीच्यांना विचारलंत?"

"...नाही."

"मग मलाही अभ्यासक्रमातलंच विचारा."

अंधारात ते हसले. गडगडाट करून हसले! "बरोबर आहे. चल, दोन फटी आणखी जवळ आणल्या तर?"

"पट्टे एकमेकांपासून लांब जातील. ऐकायचंय?"

फटींची पट्टी बदलली, त्यांचा हात धरून स्क्रूवर ठेवला. "तुम्हीच फिरवा." त्यांनी फिरवला. सूर सावकाश चढला, सावकाश उतरला. परत परत फिरवत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "सर, बाहेर पुढचा मुलगा थांबलाय."

२२ जून

पास! पहिला वर्ग! यंदा प्रात्यक्षिकाच्या गुणांपुढे चांदणी नाही. सूट घेतलेल्यांच्या गुणपत्रिकेवर चांदणी असते, खाली बारीक अक्षरात खुलासा असतो. आईला तीनदा बघायला लावलं.

"नाहीये गं बाई, कुठ्ठेच नाहीये!"

मग शेजारणीला हाक मारून तिलाही दाखवलं. फ्यूजही पास. दारातूनच ओरडत आला, येताना उंबऱ्याला ठेचकाळला.

२६ जून

सकाळी अनोळखी फोन. एका शाळेत विज्ञान शिकवणारे गृहस्थ. माझ्यासारखंच त्यांनाही दिसत नाही. माझ्याबद्दल कुणाकडून तरी ऐकलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याच विभागातून पदवी घेतली. सगळ्या प्रात्यक्षिकांना सूट घेऊन. "ताई, मला ते प्रयोग करायचेत. गुण नकोत. कुणाला विचारू?"

लगेच सरांना फोन केला. म्हटलं, एक जुने विद्यार्थी लॅबमध्ये येऊ म्हणतात. सर म्हणाले, "तो ना? त्याची सूटही मीच दिली होती. त्याला सांग, उद्याच ये. दार मी उघडतो."

मी नाव सांगितलंच नव्हतं.