लंकेतला चापडा

बाबा, गेल्या महिन्यात श्रीलंकेला जाऊन आले. आठ दिवसांची सुट्टी होती, त्यातल्या तीन सकाळी तुमचा चापडा शोधण्यात घालवल्या. नवरा म्हणाला, "लोक बीचवर जातात यार, आणि तू साप शोधणार?" पण आला बरोबर.

साकीनाक्याच्या गाळ्यात दिवसभर लेथवर उभे राहून तुम्ही नाहूरला घरी यायचात, आणि हात धुवायच्या आधीच कुणीतरी दारात असायचं, "काका, साप निघालाय." चहा तसाच टाकून तुम्ही काठी आणि उशीचा अभ्रा घेऊन निघायचात. एकदा मीही मागोमाग आले. मीटरच्या खोलीत धामण होती, आणि मी घाबरून तिच्यावर वीट फेकली. ती जागीच मेली. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "तिने तुझं काय घोडं मारलं होतं?" तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी सापांच्या चित्रांचं एक जुनं पुस्तक आणून दिलंत. हिरव्या अंगावर काळी नक्षी असलेल्या एका चापड्यावर बोट ठेवलंत. "हा फक्त लंकेत. गाळ्यातून सुटलो की आपण दोघं जाऊ." पासपोर्टसाठी फोटोही काढलेत. मग पोटाचं दुखणं निघालं आणि चार महिन्यांत सगळं संपलं.

तिथला वाटाड्या म्हातारा होता, मोडकं इंग्रजी बोलायचा. ओढ्याकाठचं पान न् पान काठीने हळूच उचलून बघायचा. दोन दिवस नुसत्या जळवा लागल्या. तिसऱ्या दिवशी तो एका जागी थांबला. "इथल्या झुडपात हमखास असायचा." तिथे झुडूप नव्हतं, नव्या हॉटेलची भिंत होती. त्याचा चेहरा असा झाला, जणू ती त्यानेच बांधली होती. मग हळू आवाजात म्हणाला, "गावात एकाने पिंजऱ्यात ठेवलाय. दाखवू?" मी नको म्हटलं. मला वाटत होतं, तो दिसला की तुमच्याजवळ कुठेतरी पोचेन. भिंतीसमोर उभी राहिले तेव्हा कळलं, दिसला असता तरी पोचले नसते.

दुपारी आईचा फोन आला, नेहमीसारखा मालवणीत. "दिसलो काय गो?" तिला हल्ली कमी ऐकू येतं. आमच्या हॉटेलच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर मी ओरडले, "दिसला!"

"कसो होतो?"

"पुस्तकातल्यासारखाच."

आई म्हणाली, "बरा झाला. आता त्यांका सांग."

म्हणून लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही, वाचणारं कुणी नाही. तरीही बाबा, आधी तुम्हालासुद्धा मी 'दिसला' असंच लिहिलं होतं. ते पान फाडून हे लिहिलं.