मिरचीचा धडा

पोनोरोगो,
शनिवार, १४ मे २०१६

प्रिय मार्सिनी,

ताईचे आशीर्वाद. तू, तुझा नवरा आणि मुलगा खुशाल असाल अशी आशा करते. तुझा सुमात्राचा पत्ता मावशीच्या सुनेकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला पाच दिवस भंडावून सोडलं होतं. ती फोन नंबरही देत होती, पण मीच घेतला नाही. माझा आवाज ऐकून तू फोन ठेवला असतास, तर पुन्हा लावायचं धाडस मला झालं नसतं. कागदाचं बरं असतं. फाडायच्या आधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच.

इकडचं सगळं ठीक. मागच्या दारचा फणस यंदा इतका लागलाय की शेजारीपाजारी आता मला बघून दार लावून घेतात. कोपऱ्यावरची पेचेलवाली सुमिराह म्हातारी झाली, पण उकडलेल्या भाज्यांवरची तिची शेंगदाण्याची चटणी अजून तशीच जहाल आहे. मी गेले की विचारते, ‘धाकटी आली का गं?’ मी म्हणते, ‘अजून नाही, काकू.’ सात वर्षं हेच चाललंय. आपल्याकडे सरळ ‘नाही’ म्हणतंय कोण?

मी अजून त्याच केंद्रात आहे. परदेशी घरकामाला जाणाऱ्या मुलींना इंग्रजी शिकवते. तोच वर्ग आणि तोच पंखा. फक्त पंख्याचा आवाज वाढलाय, आणि माझाही. आज लिहायला बसले त्याचं कारण म्हणजे माझी एक विद्यार्थिनी, पार्याती, काल मुलाखतीत पास झाली. तू म्हणशील, त्यात काय एवढं, मुली रोजच पास होतात. थांब जरा, पुरतं ऐक.

पार्याती सव्वीस वर्षांची. नवरा कुठेतरी निघून गेला, चार वर्षांची मुलगी आईकडे ठेवून आलीय. हाताला चटपटीत, स्वयंपाकाला सुगरण, म्हाताऱ्या माणसांशी बोलायला गोड. अशी मुलगी दोनदा नापास झाली. पहिल्या मुलाखतीत सिंगापूरच्या बाईंनी संगणकाच्या पडद्यावरून विचारलं, तू कधी लहान मुलाला मारलंयस का? पार्याती नम्रपणे मान लववून म्हणाली, ‘अजून नाही, मॅडम.’ बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिला बिचारीला कळेचना की आपलं चुकलं काय. वडीलधाऱ्यांपुढे तोंड वर करून ‘नाही’ कसं म्हणायचं? लग्न झालं का, अजून नाही. चंद्रावर गेलीस का, तर तेही अजून नाही.

दुसऱ्या वेळी तिने ठरवलं, आता सगळ्याला ‘येस’. पोहता येतं का, येस. आधीच्या घरातून पळून गेली होतीस का, येस मॅडम. झालं, तिथेही संपलं.

मग आमचे संचालक गुनादीसाहेब माझ्याकडे आले. तू गेलीस तेव्हा हे नव्हते. सदा इस्त्रीचा शर्ट आणि सदा घाई. म्हणाले, बाई, तिसऱ्यांदा नापास झाली तर ती घरी, आणि तिच्याबरोबर तुमचा खडूही घरी. वर पुन्हा तो चाळीस वाक्यांचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, हाच घोटून घ्या. त्या कागदावरचं प्रत्येक वाक्य ‘येस, मॅडम’ने सुरू होतं. तो कागद कुणी लिहिलाय ते तुला माहीत आहे. मी तो घडी करून हलत्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल हलायचं थांबलं. दहा वर्षांत त्याचा तेवढाच खरा उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून मूठभर हिरव्या लवंगी मिरच्या आणल्या. सोळा मुलींसमोर एकेक ठेवली आणि इंग्रजीत म्हणाले, प्लीज, खा. आणि खाल्ल्या गं सगळ्यांनी! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कान लाल, आणि तोंडाने ‘येस मॅडम, थँक यू मॅडम’. मला हसू आवरेना. मग हसता हसताच थांबले, कारण उद्या कुणी यांच्यापुढे मिरचीच्या जागी दुसरं काही ठेवलं तरी या असंच करणार होत्या.

मग मी फळ्यावर दोनच अक्षरं लिहिली, एन आणि ओ. रोज मिरची ठेवायची, रोज मी म्हणायची खा, आणि त्यांनी ‘नो, मॅडम’ म्हणायचं. सोपं वाटतं ना? एकीचा आवाजच फुटेना. एक ‘नो’ म्हणाली, लगेच उठून माझ्या हाताला कपाळ लावून माफी मागून गेली, आणि माफी मागितल्यावर मिरची खाऊन टाकली. चौथ्या दिवशी मी पार्यातीला मुद्दाम डिवचलं. म्हटलं, एवढी वर्षं मी शिकवतेय, माझ्या शब्दाला काही मान आहे की नाही? तिने मिरचीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, ‘नो, मॅडम. थँक यू. तुम्ही खा.’

मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली आणि पंख्याचा आवाजही ऐकू येईना. गुनादीसाहेब धावत आले, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, मुली शिकल्या. ते म्हणाले, बाई, नकार देणारी मोलकरीण कोण घेईल? हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. तूही ऐकलेलं आहेस.

काल सकाळी तिसरी मुलाखत. पडद्यावर पन्नाशीच्या बाई, मागे खाटेवर त्यांची आई. मी पार्यातीच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभी, माझ्या शेजारी गुनादीसाहेब. आधी स्वयंपाक, औषधं, अंघोळ घालणं, सगळ्याला तिने नीट उत्तरं दिली. मग बाईंनी विचारलं, आमचं घर अकराव्या मजल्यावर आहे, खिडक्या बाहेरून पुसशील ना?

मार्सिनी, मी भिंत धरली.

पार्याती म्हणाली, ‘नो, मॅडम. बाहेरून नाही. मी पडेन. आतून पुसेन, रोज पुसेन.’

गुनादीसाहेबांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी पुढे विचारलं, आणि रविवारी काम? ‘नो, मॅडम. रविवारी माझी सुट्टी. माझी मुलगी फोनची वाट बघेल.’ बाईंनी वळून खाटेवरच्या आईकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, ‘आधीची मुलगी सगळ्याला येस म्हणायची. आईला गोळी दिली का, येस. एक दिवस आईला दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा कळलं की गोळी दिलीच नव्हती. तू माझ्याशी खरं बोललीस. कधी येतेस?’

गुनादीसाहेबांनी डोळे उघडले आणि शर्टाला हात पुसले. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘बाई, त्या मिरच्यांचा खर्च केंद्राच्या नावावर टाका.’ मुलींनी पार्यातीला उचलून अंगणभर नाचवलं. दुपारी सुमिराहकडे सगळ्यांनी पेचेल खाल्लं. तिथेही तिने जास्तीची चटणी वाढायला हात पुढे केला, तर सोळाच्या सोळा एका सुरात ‘नो, मॅडम!’ म्हातारी घाबरून खुर्चीवर बसली. इतकी हसले मी, कैक वर्षांत हसले नव्हते.

घरी आले आणि दार लावून रडले. आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते, नाहीतर फणसावरच पत्र संपवीन.

तू माझी पहिली विद्यार्थिनी. तो चाळीस वाक्यांचा कागद मी तुझ्यासाठीच लिहिला होता. तू तेव्हा विचारलंही होतंस, ताई, नको असेल तर काय म्हणायचं? आणि मी म्हटलं होतं, नकार देणारी मोलकरीण कोण घेईल. तू परत आलीस त्या दिवशी बसस्टँडवर, पेटी अजून हातातच होती, मला म्हणालीस, ‘ताई, नवव्या मजल्यावर खिडकीच्या बाहेर उभी राहायचे मी. दर शनिवारी. तोंडात तू दिलेला एकच शब्द होता.’

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, ‘पण पडली नाहीस ना?’

तू पेटी उचललीस आणि पुढच्या बसमध्ये चढलीस. सात वर्षं मी लोकांना सांगत आले की धाकटी फार मानी, रुसून बसलीय. खोटं बोलले. तू रुसली नव्हतीस. मला चूक कबूल करायची लाज वाटत होती, आणि ती लाज मी तुझ्या नावावर खपवली. मी चुकले, मार्सिनी. तुला खिडकीबाहेर मी उभं केलं होतं.

आता केंद्रात पहिल्या दिवशी पहिला धडा तोच असणार, मिरची आणि दोन अक्षरं. गुनादीसाहेबांनी परवानगी दिलीय. नव्या वहीत मी त्याचं नाव ‘मार्सिनीचा धडा’ असं लिहिलंय. मुलींनी विचारलं, बाई, ही मार्सिनी कोण? मी म्हटलं, माझी बहीण. मी तिला हा धडा शिकवला नाही, तिने मला शिकवला.

ईद जुलैत आहे. रीत अशी की धाकट्याने मोठ्यापुढे गुडघे टेकायचे आणि वर्षभराची माफी मागायची. यंदा मी उलटं करायचं म्हणते. मी सुमात्राला येते, तुझ्या दारात, आणि गुडघे मी टेकते. हल्ली ते दुखतात, पण तेवढ्यापुरते टेकतील.

येऊ का? विचार करून उत्तर दे. मोठी बहीण विचारतेय म्हणून भिडेने ‘ये’ लिहू नकोस, आणि ‘अजून नाही’ तर मुळीच लिहू नकोस. नको असेल तर कागदावर ती दोनच अक्षरं लिहून पाठव, ठळक. मी ती वर्गात फळ्याशेजारी लावीन आणि मुलींना सांगीन, बघा, माझ्या बहिणीला येतं.

तुझ्या उत्तराची, कुठल्याही उत्तराची, वाट बघणारी,
तुझी उशिरा शिकलेली बाई,
विनार्सिह